कोळसा खाणीत काम थांबवायचं कुणी, आणि कधी?

जानेवारी २०२५ मध्ये आसामातल्या दिमा हासाओ जिल्ह्यात, उमरांगसोच्या एका कोळसा खाणीत पाणी घुसलं आणि नऊ कामगार आत अडकले. नौदलाचे पाणबुडे आले, पंप लागले, पण एकही जण जिवंत वर आला नाही. शेवटचे मृतदेह हाती यायला फेब्रुवारी उजाडला. अशी बातमी आली की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास निघतात. एवढे पंप असताना पाणी उपसून का होत नाही? आणि आत इतका धोका आहे हे माहीत असताना माणसं खाली सोडतातच कशी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढे पाण्याच्या भागात येईल. दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खाणीत धोका असतोच, तो कधीच शून्य होत नाही. पण तो बहुतेक वेळा अचानक येत नाही, आधी खुणा दाखवतो. ती खूण कोणती, ती दिसली की काम कुणी थांबवायचं, आणि थांबवलं म्हणून त्याला कुणी जाब विचारायचा नाही, एवढं आधी ठरलेलं असलं तर माणसं वाचतात. ते कसं ठरवतात, हेच या लेखात समजून घेऊ.

कोकणात कोळशाची खाण नाही. आपल्या पायाखाली काळा कातळ आणि त्यावर जांभा. महाराष्ट्रातला कोळसा तिकडे विदर्भात, चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत. आपल्याकडे कोळसा येतो तो समुद्रावाटे. जयगडला १२०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, ते बाहेरून जहाजाने आलेल्या कोळशावर चालतं. धरमतरच्या खाडीतून बार्ज भरभरून जातात. म्हणजे कोळसा आपण रोज वापरतो, पण तो ज्या जमिनीखालून निघतो ती जागा आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिली आहे.

कोळशाची खाण वेगळी का?

वेंगुर्ल्याजवळ रेडीला लोहखनिजाची खाण आहे. तिथला दगड फोडला तरी तो दगडच राहतो. कोळशाचं तसं नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडं दलदलीत गाडली गेली, दाबाने आणि उष्णतेने त्यांचा कोळसा झाला, आणि तो होताना तयार झालेला मिथेन वायू थरातच अडकून राहिला. थर फोडला की हा वायू बाहेर पडतो. मिथेनला रंग नाही, वास नाही, आणि तो पेटतो.

शिवाय कोळसा स्वतः जळतो, त्याची बारीक धूळ हवेत उडाली की स्फोट होऊ शकतो, आणि हवा लागत राहिली तर तो काडी न लावताही तापत तापत पेटतो. झारखंडच्या झरियात १९१६ मध्ये लागलेली आग पहिल्यांदा नोंदली गेली. तिथल्या आगी अजून पुरत्या विझलेल्या नाहीत. बंदरावर किंवा वीज केंद्रात कोळशाच्या ढिगावर पाणी मारताना दिसतं, ते धूळ बसावी म्हणून तर असतंच, पण ढीग फार दिवस पडू न देण्यामागे हे आपोआप तापणंही असतं.

भारतातला बहुतेक कोळसा आज खुल्या खाणीतून निघतो, म्हणजे वरची माती आणि दगड काढून उघड्यावर. जमिनीखाली बोगदे काढून काम चालतं ती भूमिगत खाण. दोन्हींचे धोके वेगळे आहेत. आधी भूमिगत खाणीचं पाहू, कारण तिथे चुकीला जागा सगळ्यात कमी असते.

वायू : ५ ते १५ टक्के

मिथेन हवेत ५ टक्क्यांपेक्षा कमी असला तर स्फोट होत नाही. १५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला तरी होत नाही, कारण जळायला प्राणवायू पुरत नाही. मधला पट्टा घातक, आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपास स्फोट सगळ्यात जोराचा. मिथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे तो छताशी साठतो. माणसाच्या नाकापाशी हवा बरी असते आणि डोक्याच्या वर, छताच्या खळग्यात, स्फोटाची सामग्री जमलेली असते. म्हणून मोजणी छताजवळ करावी लागते.

आता नियम काय म्हणतो ते पाहा. आपल्याकडे हवेत मिथेन १.२५ टक्के झाला की त्या जागेची वीज तोडायची आणि माणसं बाहेर काढायची. ५ टक्क्यांवर स्फोट होतो, मग सव्वा टक्क्यालाच काम बंद कशाला? कारण मोजणी एका जागी एका क्षणी होते. दहा पावलांवर प्रमाण वेगळं असू शकतं, पाच मिनिटांनी पंखा बंद पडू शकतो. खाणीच्या एका विभागातून परत जाणाऱ्या हवेत तर मर्यादा त्याहून कमी, ०.७५ टक्के. हे मधलं अंतर म्हणजे चुकीला ठेवलेली जागा. ते कुणाला वाया गेल्यासारखं वाटत असेल, तर त्याने खाण चालवू नये.

वायूवरचा मुख्य उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं. जमिनीवर मोठा पंखा असतो. एका वाटेने ताजी हवा आत येते, कामाच्या जागेवरून फिरते आणि दुसऱ्या वाटेने बाहेर ओढली जाते. दर माणशी मिनिटाला किमान ६ घनमीटर हवा पोचली पाहिजे असा नियम आहे. मुख्य पंखा बंद पडला तर 'थोडा वेळ थांबून बघू' असं चालत नाही, माणसं बाहेर काढतात.

जुन्या काळी वायू ओळखायला ज्योतीचा दिवा होता. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी लावली, म्हणजे बाहेरचा वायू पेटत नसे, आणि मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी दिसे. फार मोठा शोध. पण हा दिवा हाती आल्यावर पूर्वी घातक म्हणून सोडून दिलेल्या थरांतही कामं सुरू झाली आणि स्फोट होतच राहिले. साधन चांगलं आलं की माणूस त्याच्या जोरावर आणखी पुढे जातो. आजच्या इलेक्ट्रॉनिक वायुमापकांनाही हे लागू आहे.

दुसरा घातक वायू कार्बन मोनॉक्साइड. आग लागली किंवा स्फोट झाला की तो तयार होतो, आणि स्फोटातून वाचलेली माणसं पुष्कळदा याने जातात. म्हणून भूमिगत कामगाराच्या कमरेला एक डबा असतो, 'सेल्फ रेस्क्युअर'. तो तोंडाला लावून विषारी हवेतून बाहेर पडेपर्यंत काही काळ श्वास घेता येतो. हा डबा घेऊन चालण्याचा सराव अंधारात, धुरात केलेला असेल तरच तो उपयोगी पडतो.

धूळ, जिची भीती वाटत नाही

कोळशाची धूळ सगळीकडे असते, त्यामुळे तिची सवय होते. पण मिथेनचा लहानसा स्फोट झाला तरी त्याच्या झटक्याने बोगद्यातली धूळ उडते, ती पेटते, तिच्या झटक्याने पुढची धूळ उडते, आणि आग बोगद्यामागून बोगदे घेत जाते. फ्रान्समध्ये कुरिएर इथे १० मार्च १९०६ रोजी अशाच स्फोटात १०९९ माणसं गेली. आपल्याकडे झारखंडच्या (तेव्हा बिहार) धोरी खाणीत २८ मे १९६५ रोजी २६८ जणांचा बळी गेला.

उपाय ऐकायला अगदी साधा आहे. बोगद्यात चुनखडीच्या दगडाची भुकटी शिंपडायची. कोळशाची धूळ उडाली की तिच्याबरोबर ही न जळणारी भुकटीही उडते, उष्णता शोषून घेते आणि ज्वाला पुढे जात नाही. पण कोळसा रोज निघतो तशी धूळही रोज साठते, त्यामुळे भुकटी पुन्हा पुन्हा टाकावी लागते आणि नमुने तपासावे लागतात. या कामातून एक किलोही कोळसा निघत नाही. उत्पादनाची घाई असली की पहिल्यांदा हेच काम मागे पडतं.

पाणी : जुन्या खाणीतलं

आता पंपांच्या प्रश्नाकडे येऊ. खाणीत घुसणारं पाणी बहुधा शेजारच्या किंवा वरच्या, कधीच सोडून दिलेल्या कामांत साठलेलं असतं. कोळसा काढून झाला, पंप बंद झाले, आणि वर्षानुवर्षं पोकळी भरत गेली. नव्या खाणीतलं खोदकाम त्या पोकळीच्या जवळ गेलं की मधली कोळशाची भिंत एका क्षणी फुटते. पाणी आत येतं ते साठ्याच्या पूर्ण दाबाने. मग पंप लावून उपसायचं म्हणजे एका खाणीचं पाणी नव्हे, तिला जोडलेल्या सगळ्या पोकळ्यांचं पाणी उपसायचं. पातळी इंचाइंचाने उतरते. वर पाऊस असेल किंवा नदी जवळ असेल तर तीही उतरत नाही.

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनालात हेच झालं. वरच्या भागात साठलेलं पाणी खालच्या कामात फुटून आलं आणि ३७५ जण मेले. २ फेब्रुवारी २००१ रोजी झरियातल्याच बागडिगीत शेजारच्या पाण्याने भरलेल्या कामातून पाणी घुसलं, २९ जण गेले. या दोन घटनांमध्ये २५ वर्षं आहेत आणि कारण तेच आहे.

नियम काय आहे? पाण्याने भरलेल्या किंवा सोडून दिलेल्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचं असेल तर आधी परवानगी घ्यायची, आणि खोदकामाच्या पुढे आडवी भोकं पाडत पाडत जायचं, म्हणजे पुढे पाणी असेल तर ते आधी भोकातून कळेल. खाणीचं तोंड आजवरच्या सर्वांत उंच पुराच्या रेषेपेक्षा किमान दीड मीटर वर हवं. पण ६० मीटर मोजायचे कुठून? नकाशावरून. नकाशा खोटा असेल, जुना असेल, किंवा शेवटच्या महिन्यांत मालकाने चोरून काढलेला कोळसा त्यावर दाखवलाच नसेल, तर सगळी मोजणी व्यर्थ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत जुलै २००२ मध्ये जुन्या कामाचा अपुरा नकाशा वापरल्याने पाणी घुसलं. तिथले नऊच्या नऊ जण भोक पाडून वर काढता आले, हे त्यांचं भाग्य.

आपल्याकडेही असं एकदा घडलं आहे, आणि ते प्रत्येकाला माहीत असावं. नोव्हेंबर १९८९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरलं. सहा जण बुडाले, ६५ अडकले. अभियंते जसवंत सिंग गिल यांनी वरून नवं भोक पाडून त्यातून माणूस मावेल अशी पोलादी कुपी सोडायची कल्पना मांडली, आणि स्वतः त्या कुपीत बसून खाली उतरले. सगळे ६५ जण एकेक करून वर आले. हे शक्य झालं कारण माणसं कुठल्या कोपऱ्यात आहेत हे समजायला खाणीचा नकाशा होता.

उमरांगसोसारख्या 'रॅट होल' खाणींत तो नकाशाच नसतो. खोल विहीर खणायची आणि तिच्या तळातून कोळशाच्या पातळ थरामागे सरपटत जाण्याएवढी बिळं काढायची. पंखा नाही, दुसरी वाट नाही, हजेरीची नोंद नाही. मेघालयातल्या अशा खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली. डिसेंबर २०१८ मध्ये तिथेच क्सान गावात १५ जण अशाच बिळांत अडकून बुडाले. तिथे पाणबुड्यांनी आणि पंपांनी काय करायचं? माणसं नेमकी कुठे आहेत हेच सांगणारं कुणी नसतं.

दुसऱ्या वाटेबद्दल एक गोष्ट. इंग्लंडमधल्या हार्टली खाणीला एकच विहीर होती. जानेवारी १८६२ मध्ये पंपाची अवजड लोखंडी तुळई मोडून त्या विहिरीत पडली, वाट बुजली आणि आत २०४ जण मेले. त्याच वर्षी कायदा झाला की खाणीला किमान दोन वाटा हव्यात. आपल्या कायद्यातही तो आहे. २०१८ आणि २०२५ मधल्या बळींना दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ठरलेली ही एवढी गोष्टही मिळाली नाही, याचा राग यायला हवा.

छत आणि ढिगारे

छत कोसळणं हे भूमिगत खाणींतल्या मृत्यूंचं फार जुनं आणि मोठं कारण. एकेक, दोन-दोन माणसं जातात, त्यामुळे बातमी होत नाही. कोळसा काढताना मध्ये खांब ठेवतात, छतात पोलादी बोल्ट ठोकतात, आणि अनुभवी माणूस काठीने छत ठोकून आवाज ऐकतो. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर खालून हला. शेवटी ठेवलेले खांबही काढून घेतात तेव्हा मागे राहिलेली पोकळी, जिला खाणीत 'गोफ' म्हणतात, ती मुद्दाम कोसळू देतात. तिच्या कडेला उभं राहणं सर्वांत जोखमीचं. तिथे आता दुरून चालवायची यंत्रं आणली जात आहेत, ते योग्यच आहे.

खुल्या खाणीत धोका डंपरच्या धडकेचा आणि उतार घसरण्याचा. काढलेली माती-दगड ढीग करून ठेवतात, ते डोंगराएवढे होतात. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडच्या राजमहल (लालमटिया) खुल्या खाणीत असा उतार सुटला आणि २३ जण गाडले गेले. तळिये आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. ढिगात पाणी मुरतं, आतला दाब वाढतो, मातीची एकमेकीला धरून ठेवण्याची ताकद कमी होते. फरक इतकाच की खाणीतला ढीग माणसाने घातलेला असतो. त्याची उंची आणि उतार माणसाच्या हातात असतो, आणि उतार किती मिलिमीटर सरकतोय हे मोजणारं रडारही मिळतं.

मग 'जोखीम व्यवस्थापन' म्हणजे नेमकं काय?

इथे दोन शब्द वेगळे करून घेऊ. इजा करू शकेल अशी गोष्ट म्हणजे धोका, उदाहरणार्थ मिथेन. तो किती वेळा आणि किती गंभीर इजा करेल याचा अंदाज म्हणजे जोखीम. धोका तोच असला तरी पंखा चांगला असेल तर जोखीम कमी होते.

जोखीम कमी करायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात वर, धोकाच काढून टाकणं, उदाहरणार्थ थरातला मिथेन खोदकामाआधीच भोकं पाडून ओढून घेणं. त्याखाली यंत्राने अडवणं, म्हणजे वायू वाढला की वीज आपोआप तुटणं. त्याखाली नियम आणि प्रशिक्षण. आणि अगदी शेवटी हेल्मेट, बूट, डबा. आपल्याकडे सुरक्षा म्हटलं की पहिल्यांदा हेल्मेट आठवतं. ते लागतंच, पण ते शेवटचं आहे. वरच्या पायऱ्या सोडून फक्त हेल्मेट वाटणाऱ्या मालकाने जोखीम कामगाराच्या डोक्यावर ढकललेली असते.

२०१७ च्या कोळसा खाण नियमांनुसार प्रत्येक खाणीने स्वतःची सुरक्षा व्यवस्थापन योजना करायची आहे. म्हणजे सरकारने दिलेल्या यादीवर खुणा करून थांबायचं नाही, आपल्या खाणीतले मोठे धोके कोणते, प्रत्येकावर उपाय काय आणि जबाबदार कोण, हे लिहून काढायचं. या योजनेचा गाभा म्हणजे आधीच ठरवलेल्या पातळ्या. वायू किंवा तापमान या आकड्याला पोचलं की हा माणूस हे करेल, पुढच्या आकड्याला ते करेल. वरिष्ठांना फोन नाही, चर्चा नाही.

समुद्रावरच्या माणसाला ही पद्धत माहीत आहे. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बोटी बाहेर जात नाहीत. किनाऱ्यावर ऊन पडलेलं असेल, पाणी शांत असेल, बोटीवर बर्फ भरलेला असेल, डिझेलचे पैसे गेलेले असतील, तरी नाही. बावट्याची ताकद तो आधी ठरलेला असण्यात आहे. प्रत्येक मालकाने आणि तांडेलाने सकाळी उठून आजचं आभाळ पाहून निर्णय घ्यायचा ठरवलं असतं, तर पैशाचा दाब प्रत्येक वेळी थोडासा जिंकला असता. खाणीत वायूचा आकडा हाच बावटा.

बावटा ठरलेला नसला की काय होतं

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात मौरा नंबर दोन नावाची खाण होती. १९९४ मध्ये तिच्या ५१२ नंबरच्या भागात कोळसा आपोआप तापू लागल्याच्या खुणा दिसत होत्या. कार्बन मोनॉक्साइड वाढत होता, काहींना वास आला होता. प्रत्येक खूण एकेकटी पाहिली तर फार मोठी वाटत नव्हती. ६ ऑगस्टला तो भाग बंद करून टाकला, म्हणजे तोंडं बुजवली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बुजवलेल्या भागात थरातून मिथेन येतच राहतो. प्रमाण २ टक्के, ४ टक्के असं चढत जातं, ५ ते १५ च्या घातक पट्ट्यातून जातं आणि मग त्याच्या वर निघून सुरक्षित होतं. म्हणजे बुजवल्यानंतरचे काही तास किंवा दिवस सर्वांत वाईट. आणि आत कोळसा तापलेला असेल तर ठिणगी तिथे आधीच बसलेली असते. त्या काळात खाणीत कुणीही असायला नको.

७ ऑगस्टच्या रात्री पाळीची माणसं खाली गेली. रात्री उशिरा स्फोट झाला. २१ जण आत होते, दहा वर आले, ११ कधीच आले नाहीत. दोन दिवसांनी दुसरा स्फोट झाला आणि खाण कायमची बंद करावी लागली, ते ११ जण अजून तिथेच आहेत. खाणीत तज्ज्ञ होते, वायू मोजायची यंत्रं होती, आकडे कागदावर होते. कमी होती ती एका ओळीची : या आकड्याला माणसं बाहेर, आणि इतका वेळ आत जायचं नाही. चौकशीनंतर क्वीन्सलंडचा कायदा बदलला आणि आधीच ठरवलेल्या पातळ्यांची पद्धत तिथून पुढे जगभर गेली.

'पण कामगारच निष्काळजी असतात'

हे वाक्य प्रत्येक अपघातानंतर ऐकू येतं. माणूस चुकतो, थकतो, घाई करतो, हे खरंच आहे. म्हणूनच यंत्रणा अशी हवी की एकाच्या चुकीने शंभर मरू नयेत. शिवाय कामगार नियम का मोडतो हेही पाहायला हवं. टनावर पैसे मिळत असतील तर छत ठोकून पाहण्यात गेलेला वेळ त्याच्या पगारातून जातो. कंत्राटी माणसाने 'मी आत जात नाही' म्हटलं तर उद्या त्याच्या जागी दुसरा असतो.

कायद्याने काही आधार दिला आहे. खाणीतल्या प्रत्येक पाळीला मायनिंग सरदार आणि ओव्हरमॅन असतात, त्यांना परीक्षा देऊन पात्रता मिळवावी लागते, आणि जागा धोकादायक वाटली तर माणसं बाहेर काढणं हे त्यांचं कर्तव्य आहे. खाणीत सुरक्षा समिती असते, तिच्यात कामगार असतात. कामगार संघटनेशी सल्लामसलत करून नेमलेला कामगार निरीक्षक खाण पाहू शकतो. १९०२ पासून चालत आलेलं, धनबादला मुख्यालय असलेलं खाण सुरक्षा महासंचालनालय तातडीचा धोका दिसला तर काम थांबवण्याचा आदेश देऊ शकतं. या सगळ्याचा उपयोग किती होतो, हे थांबवणाऱ्याची नोकरी दुसऱ्या दिवशी शाबूत राहते की नाही यावर ठरतं.

'सुरक्षा परवडत नाही'

अमेरिकेत १९०७ मध्ये कोळसा खाणींत ३२४२ माणसं मेली. २०२० मध्ये पाच. चीनच्या सरकारी आकड्यांनुसार २००२ मध्ये तिथे ६९९५ जण मेले, २०१८ मध्ये ३३३, आणि याच काळात तिथलं कोळशाचं उत्पादन दुपटीहून जास्त वाढलं. हजारो छोट्या, बिनपंख्याच्या खाणी बंद केल्या गेल्या. अमेरिकेत कामगारही कमी झाले, यंत्रं आली, कोळसा उघड्यावरून निघू लागला, हे सगळं त्या घटीत आहे. तरी 'खाण म्हटली की माणसं मरायचीच' हा युक्तिवाद या आकड्यांपुढे टिकत नाही.

एक मात्र या आकड्यांत दिसत नाही. धूळ वर्षानुवर्षं छातीत बसली की फुप्फुस काळं आणि कडक होतं, आणि त्यावर इलाज नाही. तो माणूस खाणीत मरत नाही, निवृत्तीनंतर घरी दम लागून मरतो. त्याची नोंद अपघातात होत नाही. सिंधुदुर्गात कासार्डे भागात सिलिका वाळू निघते, तिथल्या धुळीनेही फुप्फुसाचा असाच न बरा होणारा रोग होतो. म्हणून धूळ मोजणं, पाणी मारून काम करणं आणि कामगारांच्या छातीचे एक्स-रे ठराविक काळाने काढणं हे वायू मोजण्याइतकंच गरजेचं आहे.

'आपला काय संबंध?' : चिरेखाणींचा सहा मीटरचा नियम

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जागोजागी चिरेखाणी, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापून काढायच्या खाणी आहेत, आणि त्यांच्यासाठी खाण कायद्यात एक तरतूद आहे जी फार थोड्यांना माहीत असते. १९५२ च्या खाण कायद्याने (तो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला आहे) जांभा, मुरूम, वाळू अशांच्या उघड्या खाणींना बहुतेक नियमांतून सूट दिली, पण तीन अटींवर. खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसावी, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं कामाला नसावीत, आणि सुरुंग वापरलेले नसावेत. तिन्ही अटी एकदम पाळल्या तरच सूट. ६ मीटर म्हणजे जेमतेम वीस फूट. त्याखाली गेलेली खाण कायद्याच्या दृष्टीने पूर्ण खाण होते : पात्र व्यवस्थापक, प्रशिक्षित कामगार, कडांना पायऱ्या, अपघाताची नोंद, सगळं लागू.

चिरा कापायचं यंत्र उभी, सरळ भिंत ठेवून खाली खाली जातं. वरच्या काठाला काढलेली माती रचलेली असते. यंत्राची वीज लांब केबलने येते आणि पहिल्या पावसात तीच केबल पाण्यात पडलेली असते. काम संपलं की खड्डा तसाच राहतो, जूनमध्ये भरतो, आणि गावातली पोरं पोहायला जातात. सोडून दिलेल्या खाणीला कुंपण घालणं ही मालकाची जबाबदारी आहे.

ग्रामसभेत चिरेखाणीचा विषय निघतो तेव्हा बोलणं रॉयल्टीवर आणि रस्ता खराब करणाऱ्या ट्रकांवर होतं. तेही बोललं पाहिजे. पण खाणीची खोली आज किती मीटर आहे, किती पाऊस झाला की काम बंद होईल, ते बंद करायचा अधिकार जागेवरच्या कुणाला आहे, आणि त्या दिवसाची मजुरी कामगाराला मिळणार की नाही, हे चार प्रश्न मे महिन्याच्या सभेत विचारून उत्तरं इतिवृत्तात लिहून घेता येतात.